पिक्सीज का फुटले, आणि पुन्हा एकत्र येताना भांडण मिटले होते का?

अमेरिकेतील पिक्सीज हा अल्टरनेटिव्ह रॉक बँड नाव झालेले असताना १९९३ साली का फुटला, ११ वर्षांनी पुन्हा एकत्र कसा आला आणि तोवर जुने भांडण मिटले होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भांडण मिटले नव्हते. फक्त ते पुन्हा वर निघणार नाही अशी सोय झाली होती. मी परभणीचा असून नव्वदच्या दशकात लग्नांच्या आणि गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात सात वर्षे बेस गिटार वाजवत होतो, त्यामुळे माझे माप थोडे बेसवाल्याच्या बाजूला झुकते, हे आधीच सांगून ठेवतो.

हा बँड १९८६ साली बॉस्टनमध्ये उभा राहिला. गायक चार्ल्स थॉम्प्सन, म्हणजेच ब्लॅक फ्रान्सिस, आणि गिटारवादक जोई सँटियागो यांची ओळख मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातली. बेससाठी त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि हुस्कर डू हा कर्कश बँड व पीटर, पॉल अँड मेरी हे गोड गळ्याचे त्रिकूट, असे दोन्ही आवडणारा वादक हवा, असे तीत लिहिले. त्या जाहिरातीला एकट्या किम डीलने उत्तर दिले, आणि तीही बेस न घेताच आली, कारण ते वाद्य तिने तोवर वाजवलेलेच नव्हते. ड्रमवर डेव्हिड लव्हरिंग आला आणि चौघे पूर्ण झाले.

त्यांच्या संगीतातली मुख्य युक्ती आपल्याकडच्या भजनी मंडळात बसलेल्या माणसाला लगेच कळेल, आणि ती कुठे वेगळी आहे तेही कळेल. आपण संथ चालीतून गजरावर जातो तेव्हा लय पायरीपायरीने चढत जाते. पिक्सीजने मधल्या पायऱ्याच काढून टाकल्या. कडव्यात जवळजवळ एकटा बेस आणि पुटपुटणारा आवाज, आणि ध्रुवपदाला एकदम गिटारींचा व आरोळ्यांचा लोंढा. १९८८ सालचा ‘सर्फर रोझा’ हा अल्बम ध्वनिमुद्रित करताना ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने किमचा काही आवाज चक्क स्टुडिओच्या न्हाणीघरात घेतला, कारण त्याला यंत्राने काढलेला नव्हे, तर भिंतींवरून येणारा खरा घुमारा हवा होता. औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) शिकत असताना वसतिगृहातल्या मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर तो आवाज मी प्रथम ऐकला, तेव्हा कॅसेटच खराब आहे असे मला वाटले होते.

फुटीचे मूळ मला याच अल्बममध्ये दिसते. त्यातले किमने गायिलेले आणि फ्रान्सिसबरोबर रचलेले गाणे बँडचे पहिले सिंगल, म्हणजे अल्बमपासून सुटे काढलेले गाणे, ठरले. फ्रान्सिस मात्र स्वतःला या बँडचा एकमेव गीतकार मानत असावा, असे पुढच्या अल्बमांवरून दिसते. १९८९ च्या ‘डूलिटल’मध्ये किमचा रचनेतला वाटा एका गाण्यापुरता उरला आणि १९९० च्या ‘बोसानोव्हा’त तिचे एकही गाणे नाही. त्याच वर्षी तिच्या ब्रीडर्स या दुसऱ्या बँडचा पहिला अल्बम आला, हा मला योगायोग वाटत नाही. बाहेरचे चित्रही विचित्र होते. ‘डूलिटल’ ब्रिटनच्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेला, पण त्यांच्या स्वतःच्या देशात तो ९८ च्या वर चढला नाही. १९९२ साली त्यांनी यूटू या बड्या आयरिश बँडच्या दौऱ्यात आधीचा कार्यक्रम केला. मुख्य कलाकाराची वाट पाहणाऱ्या लोकांपुढे वाजवणे म्हणजे पंगत बसण्याआधी मंगलाष्टके म्हणण्यासारखे असते. आम्ही ते पुष्कळ केले आहे.

१९९३ च्या सुरुवातीला फ्रान्सिसने बीबीसी रेडिओवरील मुलाखतीत बँड संपल्याचे परस्पर जाहीर केले. त्यानंतर त्याने सँटियागोला फोन केला, आणि किम व लव्हरिंग यांना फॅक्स पाठवला. आमचा ऑर्केस्ट्राही असाच फुटला. बसस्थानकाजवळच्या भिंतीवर नव्या कार्यक्रमाचे पोस्टर लागले होते, त्यात मालक, गायिका आणि ऑक्टोपॅडवाला होते. मी आणि ढोलकीवाला नव्हतो. त्यामुळे त्या फॅक्सबद्दल मला तटस्थपणे लिहिता येत नाही.

पुढे जे झाले ते बँड जिवंत असताना व्हायला हवे होते. त्याच वर्षी ब्रीडर्सचा दुसरा अल्बम आला आणि अमेरिकेत त्याच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडला जगभर नेणाऱ्या गाण्यात आपण पिक्सीजचीच नक्कल करू पाहत होतो, अशी कबुली त्याचा गायक कर्ट कोबेनने १९९४ साली छापून आलेल्या मुलाखतीत दिली. १९९९ साली ‘फाइट क्लब’ चित्रपटाच्या शेवटी पिक्सीजचे गाणे वाजले आणि बँड कधीच न पाहिलेल्या चाहत्यांची एक पिढी तयार झाली. इकडे लव्हरिंग मात्र जादूचे प्रयोग करत होता.

एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेतल्या मिनीआपोलिस शहराच्या एका लहानशा ठिकाणी चौघे पुन्हा उभे राहिले आणि मग मोठमोठे दौरे झाले. यात पैशाचा भाग होताच, आणि तो नसता तर मला त्यांच्या प्रामाणिकपणाची शंका आली असती. परंतु खरी गोम अशी की पुढची नऊ वर्षे ते जवळजवळ सगळी जुनीच गाणी वाजवत होते. जुन्या गाण्यांचा वाटा ठरून गेलेला असतो, त्यामुळे कुणाचे गाणे घ्यायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. २००४ साली एक नवे गाणे आले ते किमने लिहिलेले होते, आणि त्यावर गाडी थांबली. नव्या अल्बमचे काम निघाले तेव्हा किम बाहेर पडली. जून २०१३ मध्ये ते जाहीर झाले आणि २०१४ चा ‘इंडी सिंडी’ तिच्याशिवाय आला.

तिच्यानंतर थोड्याच काळात बेसवर आलेली पाझ लेंचँटिन दहा वर्षे टिकली. २०२४ साली बँडने तिच्या जाण्याची घोषणा केली, तेव्हा हे आपल्यालाही काहीसे अनपेक्षित आहे, असे तिने सांगितले.