'मनात किंतु ठेवू नका' यातला किंतु म्हणजे नेमकं काय?

संस्कृतात किंतु म्हणजे 'पण'. मराठीने या अव्ययाचं चक्क पुल्लिंगी नाम केलं: किंतु आला, किंतु राहिला. अर्थ असा, की उघड बोलून दाखवली नाही तरी आत टोचत राहणारी शंका, कधी थोडी अढीसुद्धा.

समजा, म्हापशात लग्नाची बोलणी झाली, पत्रिका जुळली, तरी मुलीची आई म्हणते, "स्थळ चांगलंच आहे हो, पण माझ्या मनात किंतु आहे." कारण विचाराल तर सांगता येणार नाही. अशा वेळी गोव्यात देवळात कौल लावतात: मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांपैकी उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. (कौल मिळूनही काहींचा किंतु जात नाही, ते सोडा.)

संशय दुसऱ्यावर घेतात. 'त्याच्यावर किंतु घेतला' असं कोणी म्हणत नाही. दहावीच्या निकालाआधी होते ती धाकधूक, तिथे किंतु चालणार नाही. 'किंतु-परंतु न करता सही कर' यात मात्र अस्वस्थता वगैरे काही नाही, नुसत्या आडकाठ्या आणि सबबी.