‘एकही कैदी पळाला नाही’ म्हणजे तुरुंग नीट चाललाय का?

गेल्या महिन्यात तुरुंगाच्या कारभाराबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, तर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रं आली, काही आतल्या स्टाफची, काही घरच्यांची, काही अगदी साध्या वाचकांची. मी स्वतः आयुष्याची बरीच वर्षं याच खात्यात काढलीयेत त्यामुळे प्रत्येक पत्र दोनदा वाचलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच निवडलीत. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, सहा महिन्यांपूर्वी मी एका मोठ्या तुरुंगाचा चार्ज घेतला. कागदावर सगळं व्यवस्थित आहे, पाच वर्षांत एकही पलायन नाही, तपासणीचा शेरा ‘समाधानकारक’. पण बराकीत मारामाऱ्या चालूच असतात, स्टाफच्या आजारी रजा वाढल्यात आणि वरून पत्र येतं की परफॉर्मन्स सुधारा. नक्की मोजायचं काय आणि सुधारायचं काय? (एक अधीक्षक)

साहेब, तुम्ही हा प्रश्न विचारलात यातच बरंचसं आलं, कारण बरेच जण ‘समाधानकारक’ शेरा वाचून फाईल बंद करतात.

आधी एक प्रसंग सांगते. एका तुरुंगात तपासणीला गेले होते, तक्रार रजिस्टर मागवलं. वर्षभराच्या नोंदी होत्या, सगळ्या एकाच शाईत, एकाच अक्षरात, आणि प्रत्येकीपुढे ‘समज दिली, निकाली’. मग तक्रारपेटी बघायला गेले, कुलूप गंजलेलं, चावी मागितली तर ती ज्या हवालदाराच्या खिशातून निघाली त्याच्याच विरुद्ध दोन बंदी (म्हणजे कैदी) माझ्याशी हळू आवाजात बोलले होते. त्या वर्षीच्या रिपोर्टात ‘गंभीर तक्रारी : शून्य’ असं होतं. आकडा खोटा नव्हता हो, पेटीत खरंच काही नव्हतं. पण त्या शून्याचा अर्थ ‘इथे कोणी तोंड उघडत नाही’ एवढाच होता.

म्हणून पहिलं काम हे करा. दवाखान्याचं रजिस्टर आणि घटनांचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवा आणि तारखा जुळवा. दवाखान्यात डोक्याला टाके, ओठ फाटलेला, बोट मोडलेलं आणि कारणाच्या रकान्यात ‘बाथरूममध्ये घसरून पडला’, आणि त्याच दिवशी घटनांच्या रजिस्टरात काहीच नाही, असं किती वेळा दिसतं ते मोजा. या दोन रजिस्टरांमधलं अंतर तुमच्या तुरुंगाबद्दल जेवढं सांगेल तेवढं कुठलाही वार्षिक अहवाल सांगणार नाही. मग मारामाऱ्या कुठे आणि किती वाजता होतात ते लिहून काढा. माझ्या अनुभवात त्या चोवीस तासांत सारख्या पसरलेल्या नसतात, ड्यूटी बदलताना, गिनतीच्या (बंद्यांची डोकी मोजायच्या) आसपास, पाण्याच्या नळापाशी, असे ठराविक कोपरे आणि ठराविक वेळा निघतात आणि तिथे दोन माणसं वाढवली की फरक पडतो.

मोजायचं काय यावर जगात बरंच काम झालेलं आहे. अमेरिकेत चार्ल्स लोगन या अभ्यासकांनी 1993 मध्ये तुरुंगासाठी आठ गोष्टी मांडल्या होत्या : बंदोबस्त, सुरक्षितता, शिस्त, काळजी, दिवसभराचं काम, न्याय, राहण्याची परिस्थिती आणि व्यवस्थापन. त्यांचं म्हणणं असं की तुरुंगाला त्याच्या भिंतींच्या आत जे हातात आहे त्यावर तपासा, आणि ते मला पटतं. यात बंदोबस्त आणि सुरक्षितता वेगळे धरलेत ते लक्षात घ्या, बंदोबस्त म्हणजे कोणी बाहेर जाऊ नये आणि सुरक्षितता म्हणजे आतल्याला आतच इजा होऊ नये. आपण पहिलं मोजतो आणि दुसरं गृहीत धरतो. न्याय हा शब्द बघून अनेक अधिकारी दचकतात, पण 1990 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात 25 दिवस दंगल चालली, त्यानंतर लॉर्ड वुल्फ यांनी 1991 मध्ये जो अहवाल दिला त्यात हेच म्हटलंय की सुरक्षा, नियंत्रण आणि न्याय या तिन्हींचा तोल राहिला तरच तुरुंग स्थिर राहतो. न्याय म्हणजे काही मोठं नाही, बदली केली, अर्ज फेटाळला, तर का ते त्या माणसाला सांगणं. कारण कळलं की माणूस नाराज होतो, पण कारणच कळलं नाही तर तो खदखदत राहतो आणि मग ते बराकीत बाहेर पडतं.

दुसरं म्हणजे सर्व्हे घ्या. केंब्रिज विद्यापीठातल्या ॲलिसन लिबलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद्यांसाठी एक प्रश्नावली तयार केलीये, इथे तुम्हाला सुरक्षित वाटतं का, स्टाफ माणसासारखं वागवतो का, असे प्रश्न, आणि इंग्लंड-वेल्समध्ये ती नेमाने वापरतात, स्टाफसाठीही तशीच वेगळी आहे. तुम्हाला एवढं मोठं नाही जमलं तरी वीस प्रश्न, नाव न लिहिता, आणि गोळा करायला तुमचा स्टाफ नको, बाहेरची माणसं हवीत.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. हे सगळं मनापासून केलंत तर पहिल्या काही महिन्यांत तक्रारी आणि घटनांचे आकडे वाढतील. घाबरू नका, आणि वरिष्ठांना आधीच लेखी कळवून ठेवा की वाढणार आहेत आणि का वाढणार आहेत, नाहीतर तेच वाढलेले आकडे तुमच्याविरुद्ध वापरले जातील आणि पेटीला परत कुलूप लागेल.

प्रश्न : मॅडम, माझे मिस्टर तुरुंगात शिपाई आहेत. डबल ड्यूटी तर नेहमीचीच, सुट्टी आयत्या वेळी रद्द होते, घरी आले की कोणाशी बोलत नाहीत, मुलांवर चिडतात. बंद्यांच्या सुधारणेवर सगळे बोलतात, स्टाफचं काय?

ताई, तुमचं पत्र वाचून मला एक मुलगा आठवला, नोकरीत जेमतेम वर्ष झालेलं. त्याच्या ड्यूटीत रात्री एका बंद्याने आत्महत्या केली. सगळ्यात आधी पोचला तोच. त्याच रात्री त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच बराकीवर परत ड्यूटी लावली. कोणी त्याला पाणी हवंय का म्हणून विचारलं नाही. खुलासा लागतोच, नियम आहे, पण तो दोन दिवसांनी मागितला असता तर काय बिघडलं असतं? पुढे तो बोलायचाच बंद झाला, बंद्यांशीही आणि आमच्याशीही. हे मी आजही विसरू शकत नाही कारण तेव्हा मी तिथे ज्युनिअर होते आणि गप्प बसले.

स्टाफचे हाल हा काही बाजूचा विषय नाहीये, तोच मुख्य विषय आहे. तुरुंगात कॅमेरे, भिंती, कुलपं असतात पण खरी सुरक्षा असते ती बराकीतल्या माणसांना ओळखणाऱ्या शिपायाकडे. अमका दोन दिवस जेवला नाही, तमका नेहमी बडबड करतो आज गप्प आहे, याची मुलाखतीला (म्हणजे भेटायला) आई आली नाही, हे ज्याच्या लक्षात येतं तो भांडण व्हायच्या आधी थांबवतो. याला डायनॅमिक सिक्युरिटी म्हणतात. आता सांगा, सलग सोळा तास उभा असलेला, रजा नाकारलेला माणूस हे कसं बघणार? तो फक्त गिनती जुळवणार आणि घड्याळ बघणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

नॉर्वेमध्ये तुरुंग अधिकारी व्हायला पगारी प्रशिक्षण दोन वर्षांचं असतं, कायदा, मानसशास्त्र, नीती सगळं शिकवतात. संयुक्त राष्ट्रसंघाने 2015 मध्ये जे नेल्सन मंडेला नियम स्वीकारले (मंडेला स्वतः 27 वर्षं तुरुंगात होते म्हणून त्यांचं नाव), त्या 122 नियमांमध्ये सुद्धा स्टाफला पुरेसा पगार, कायम नोकरी, रुजू होण्याआधी आणि नंतरही प्रशिक्षण हे स्पष्ट लिहिलंय. लोक ते नियम म्हणजे फक्त कैद्यांचे हक्क समजतात, तसं नाहीये.

भरती वाढवणं अधीक्षकाच्या हातात नसतं हे मला मान्य आहे. पण काही गोष्टींना एक पैसा लागत नाही. ड्यूटीचा तक्ता महिनाभर आधी लावा आणि मोडायचा असेल तर अधीक्षकाने स्वतः सही करून मोडावा, हे एवढं केलं तरी आयत्या वेळचे बदल किती कमी होतात बघा. ड्यूटी बदलताना दहा-पंधरा मिनिटं दोन्ही शिफ्टची एकत्र ठेवा, म्हणजे रात्रीच्या माणसाला दिवसभरात काय झालं ते कळतं, कित्येक ठिकाणी फक्त चाव्या हातात पडतात. आणि वाईट घटनेनंतर स्टाफशी आधी माणूस म्हणून बोला. तुमच्या मिस्टरांना म्हणावं एकटं राहू नका, विश्वासातल्या एका सिनिअरशी बोला, आणि झोप-चिडचिड फार वाढली असेल तर सरळ डॉक्टरांकडे जा, यात कमीपणा अजिबात नाही. तुम्ही पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत.

प्रश्न : आम्ही टॅक्स भरतो. सुटलेला माणूस परत गुन्हा करतो म्हणजे तुरुंग नापास, करत नाही म्हणजे पास. एवढा सोपा हिशोब सोडून बाकीचं कशाला मोजायचं?

हिशोब सोपा वाटतो खरा पण ‘परत गुन्हा’ म्हणजे काय इथेच अडतं. अमेरिकेत 30 राज्यांतून 2005 साली सुटलेल्या सुमारे 4 लाख बंद्यांचा सरकारी अभ्यास झाला. पाच वर्षांत परत अटक झालेले निघाले 76.6 टक्के, आणि परत दोषी ठरलेले 55.4 टक्के. माणसं तीच, वर्षं तीच, मोजपट्टी बदलली की वीस टक्क्यांहून जास्त फरक. म्हणून अमक्या देशात इतके टक्के आणि तमक्यात इतके असे मेसेज फिरतात तेव्हा आधी विचारा की अटक मोजली, शिक्षा मोजली की परत तुरुंगात येणं मोजलं, आणि किती वर्षांत.

शिवाय सुटल्यावर घर मिळालं का, काम मिळालं का, व्यसनाचे उपचार चालू राहिले का, यातलं किती तुरुंगाच्या हातात आहे? तरी तुमचा मुद्दा मी सोडून देत नाही, कारण आत जे होतं त्याचा परिणाम नक्की होतो. फक्त योग्य माणसाला योग्य गोष्ट मिळायला हवी. 1990 मध्ये कॅनडातल्या अँड्र्यूज, बोंटा आणि होज यांनी मांडलेलं तत्त्व आज अनेक देश वापरतात : ज्याचा परत गुन्हा करण्याचा धोका जास्त त्याच्यावर जास्त मेहनत, गुन्ह्याशी ज्या गोष्टींचा खरा संबंध आहे त्यांवर काम, आणि त्या माणसाला समजेल अशा पद्धतीने. प्रत्यक्षात काय होतं तर जो शांत आहे, ऐकतो, लिहिता-वाचता येतं, त्यालाच सुधारणेच्या सगळ्या कोर्सला बसवतात कारण हजेरी छान दिसते, आणि ज्याला खरी गरज आहे तो बराकीतच राहतो. वर कमी धोक्याच्या माणसाला जास्त धोक्याच्या लोकांमध्ये बसवून कडक कोर्स दिले तर नुकसानही होऊ शकतं. तेव्हा तुमच्या टॅक्सचा हिशोब मागायचा असेल तर ‘किती जणांनी कोर्स केला’ हे विचारू नका, ‘कोणी केला’ हे विचारा.

प्रश्न : मी मॅनेजमेंट शिकतोय. तुरुंगांना एक चांगला डॅशबोर्ड (सगळे आकडे एकाच स्क्रीनवर, लाल-हिरव्या रंगात) दिला तर प्रश्न सुटेल का?

अर्धा सुटेल, जर आत भरली जाणारी माहिती खरी असेल तर. मी असे डॅशबोर्ड बघितलेत ज्यात सगळं हिरवं होतं कारण लाल दिसलं की मेमो यायचा, मग लाल कोण भरणार? जुनं रजिस्टर खोटं असेल तर ते कॉम्प्युटरवर चढवून खरं होत नाही. तुला खरंच या क्षेत्रात काम करायचं असेल तर आधी आठवडाभर एका शिफ्टबरोबर उभा राहा (परवानगी काढून), एक शिपाई दिवसात किती वेळा तीच माहिती किती ठिकाणी लिहितो ते मोज, आणि त्यातली निम्मी कमी करून दाखव. मग तो तुला खरी माहिती आपणहून देईल.

प्रश्न : ताई, माझा भाऊ आत आहे. मुलाखतीला जायला चार तास प्रवास, तिथे गेल्यावर कधी नंबर लागत नाही, कधी कागद अपुरा म्हणतात, कारण विचारलं तर खेकसतात. याचा तुमच्या परफॉर्मन्सशी काही संबंध आहे का?

खूप संबंध आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्याने 2003 ते 2007 मध्ये सुटलेल्या 16 हजारांहून जास्त बंद्यांचा अभ्यास केला, तर ज्यांना भेटायला कोणी ना कोणी येत होतं त्यांच्यात परत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका 13 टक्क्यांनी कमी आढळला. तुझ्या चार तासांच्या प्रवासाचं मोल एवढं आहे, आणि ज्या खिडकीवर तुला परत पाठवतात तिथे हे कोणी सांगितलेलं नसतं. घरच्यांशी ठराविक काळाने संपर्क हे मंडेला नियमांतही आहे. मी अधीक्षक असते तर किती घरचे भेट न होता परत गेले हा आकडा रोज टेबलावर मागवला असता, मारामारीच्या आकड्याशेजारी.

तू सध्या एवढं कर : पुढच्या वेळी कागद अपुरा म्हटलं तर कोणता ते लिहून माग, नाही दिलं तर तारीख, वेळ आणि काय सांगितलं ते स्वतः लिहून अधीक्षकांच्या नावे अर्ज दे, आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. दोन-तीन असे अर्ज साठले की तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ते दाखवता येतात. आणि भावाला भेटलीस की त्यालाही सांग, त्याला अर्ज किंवा तक्रार रोज करता येते आणि तपासणीच्या वेळी स्टाफ समोर नसताना बोलायचा हक्क आहे, हेही मंडेला नियमांत लिहिलेलं आहे.