रबाळे एमआयडीसीत कारागीर मिळत नाही. आयटीआय, रोजगार केंद्र, पीएफ ऑफिस यांपैकी आधी कुणाकडे जावं?

तुमचा प्रश्न वाचला. रबाळ्याला मशीनिंगच्या जॉबवर्कचा कारखाना, स्वतःचे 22 आणि ठेकेदाराचे 26 मिळून 48 माणसं, तळोज्याला दुसरं छोटं युनिट होऊ घातलंय आणि सीएनसी टर्निंगवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, माणूस टिकत नाही. एकजण म्हणतो आयटीआयला जा, दुसरा म्हणतो रोजगार मेळाव्यात स्टॉल लावा, सीए म्हणतो पीएफची नवी योजना घ्या. ही सगळी खाती एकमेकांशी बोलतात का, असं तुम्ही विचारलंय.

बोलतात, पण कलेक्टर कचेरीतल्या बैठकीत. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली जिल्हा कौशल्य समिती असते आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे सहायक आयुक्त तिचं कामकाज बघतात. जिल्हा उद्योग केंद्र, आयटीआय, महापालिका, महामंडळं यांची माणसं येतात, उद्योग संघटनांनाही बोलावतात. तिथे चर्चा होते ती जिल्ह्याच्या आराखड्याची. तुमच्या टर्निंग सेंटरवर दुसऱ्या पाळीला माणूस नाही, हे त्या टेबलावर आपोआप पोचत नाही. मी महापे-पवणे पट्ट्यात एचआर-अ‍ॅडमिन बघते, या सगळ्या कचेऱ्यांत माझी ये-जा असते. सरकारी खाती आपल्यासाठी एकत्र काम करतात ती आपण दिलेल्या कागदावर, आणि तो कागद आपण बहुतेक कोराच देतो.

कोरा म्हणजे कसा, ते सांगते. रोजगार केंद्र म्हणजे जुनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, जिथे आपल्या आधीच्या पिढीने रांगेत उभं राहून कार्ड काढलं. 1959 च्या कायद्याने 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा या केंद्राला कळवणं आणि दर तिमाहीला ईआर-1 हे विवरणपत्र भरणं बंधनकारक केलं. पुढे ते राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर ऑनलाइन भरायची सोय झाली. आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि एक्स्चेंजला तिथे करिअर सेंटर म्हटलंय. पण सवय जुनीच. तिमाही संपली की अकाउंट्सचा मुलगा मागचं विवरणपत्र उघडतो, तारीख बदलतो आणि रिक्त पदांच्या रकान्यात ‘निरंक’ ठेवून सबमिट करतो. तोच मालक संध्याकाळी असोसिएशनच्या चहाला ‘माणसंच मिळत नाहीत हो’ म्हणतो. जिल्ह्याला मागणी कळायची ती याच रकान्यातून. जागा कळवली की केंद्राने पाठवलेला उमेदवार घ्यावाच लागतो, अशी भीतीही अनेकांच्या मनात असते. जुन्या कायद्यातही तशी सक्ती नव्हती. कळवायची सक्ती, घ्यायची नाही.

म्हणून आधी एक पान तयार करा. पद, यंत्र (फॅनुक कंपनीच्या कंट्रोलचं सीएनसी टर्निंग सेंटर की साधं लेथ, हे लिहा), किती माणसं, पाळी, हातात पडणारा पगार, ओव्हरटाइमचा दर, कँटीन, जवळचं स्टेशन आणि तिथून यायची सोय. आयटीआयमधला कोणता ट्रेड चालेल तेही लिहा: टर्नर, मशिनिस्ट, फिटरही चालेल का. ‘सीएनसी ऑपरेटर, अनुभवी’ एवढंच लिहिलं तर आयटीआयचा माणूस तुम्हाला कोणत्या वर्गात न्यायचं हेच ठरवू शकत नाही. हेच पान सगळीकडे द्या. आयटीआयला टर्नर, पोर्टलवर हेल्पर आणि मेळाव्याच्या फॉर्मवर ‘मशीन ऑपरेटर’ असं तीनदा वेगळं भरलं की तीन वेगळ्या जागा तयार होतात आणि एकही भरत नाही.

आता आयटीआय, कारण तुमचं खरं काम तिथेच आहे. टर्नर, मशिनिस्ट, फिटर हे 2 वर्षांचे ट्रेड, वेल्डर 1 वर्षाचा. वर्षअखेरच्या परीक्षा पावसाळ्याच्या सुमारास होतात आणि चांगली पोरं त्याआधीच कुणीतरी बोलून ठेवलेली असतात. दिवाळीनंतर ‘दोन टर्नर द्या’ म्हणून गेलात तर प्राचार्य चहा देतील, टर्नर नाही. जानेवारी-फेब्रुवारीत वागळे इस्टेटच्या आयटीआयला जा, अंबरनाथलाही जा, आणि प्राचार्यांना भेटून झालं की टर्नरच्या वर्कशॉपमध्ये जाऊन निदेशकांशी, म्हणजे शिकवणाऱ्यांशी बोला. कोणता मुलगा मायक्रोमीटर नीट धरतो, कोणाचं ड्रॉइंग-रीडिंग पक्कं आहे, कोण सकाळी 8 ला हजर असतो, हे त्यांना ठाऊक असतं. पोर्टलवर यातलं काही दिसत नाही. जमलं तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक दिवस कारखाना दाखवायला बोलवा. बऱ्याच मुलांनी आयटीआयमध्ये साधं लेथच जास्त हाताळलेलं असतं. तुमचं मशीन चालू स्थितीत बघितलं की कोणाला रस आहे ते तुम्हालाही कळतं, त्यांनाही.

लहान कारखान्याची अडचण अशी की दोन माणसांसाठी कोणतीही संस्था आपलं वेळापत्रक हलवत नाही. इथे असोसिएशन कामी येते. तुमच्या पट्ट्यात ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, वागळे इस्टेटवाल्यांची ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन. शेजारच्या दहा-बारा युनिट्सची मागणी एका पत्रावर गेली की आयटीआय कॅम्पस मुलाखत लावते, ड्युअल ट्रेनिंगचा करार होऊ शकतो, म्हणजे मुलांचा काही महिन्यांचा प्रत्यक्ष सराव तुमच्या शॉप फ्लोअरवर. आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीतही उद्योजक असतात. त्यांच्यापैकी एखाद्याला ओळखत असाल तर नवीन मशीनचा विषय तिथे काढा.

दुसरं दार अ‍ॅप्रेंटिसचं, आणि इथे तुम्हाला पर्याय नाही. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. या मोजणीत ठेकेदाराची माणसंही धरतात. ‘आमचे तर 22 च आहेत’ हे इथे चालत नाही, तुम्ही 48 आहात. हिशोब साधारण 1 ते 7 उमेदवारांचा होतो. आयटीआय पास टर्नर त्याच ट्रेडमध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून आला तर त्याला मूलभूत प्रशिक्षण पुन्हा द्यावं लागत नाही, थेट मशीनवर. कागदपत्रांसाठी आयटीआयच्याच आवारात बहुधा बीटीआरआय, म्हणजे मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र असतं. तिथले लोक नोंदणी आणि करारनाम्याला मदत करतात. विद्यावेतनातला 25 टक्के, कमाल 1,500 रुपये महिना, एवढा वाटा केंद्र सरकार उचलतं. पूर्वी तो कंपनीला परत मिळायचा, आता थेट मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात जातो. तुमचा वाटाही बँकेतूनच द्या. रोखीने दिलेलं विद्यावेतन अ‍ॅप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलला दिसत नाही.

महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी अ‍ॅप्रेंटिस मेळावा भरवायची पद्धत आहे, बहुधा आयटीआयतच. तो रोजगार मेळाव्यापेक्षा तुमच्या उपयोगाचा.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगची मुलं घ्यायची असतील तर मात्र रस्ता वेगळा. ती योजना शिक्षण मंत्रालयाची, पोर्टल वेगळं आणि कार्यालय सायनला, बोर्ड ऑफ अ‍ॅप्रेंटिसशिप ट्रेनिंग. एका कंपनीने दोन मंत्रालयांच्या दोन पोर्टलवर दोन लॉगिन ठेवायचे, हा प्रकार कुणाच्या डोक्यातून निघाला असेल कोण जाणे. पण आहे तसं आहे. त्या दोन पोर्टलांचे युजरनेम-पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवा, आणि तो माणूस नोकरी सोडून जाताना ते लिहून घ्या.

रोजगार मेळाव्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही, निदान तुमच्या कामासाठी. पॅकिंग, हेल्पर, सेल्स, कॉल सेंटर यांना तिथे माणसं मिळतात. टर्निंगचा हात असलेला मुलगा तिथे फिरत नाही, कारण त्याला आधीच काम असतं. तरी एकदा जाऊन या, बघण्यासाठी म्हणून. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये आमच्या शेजारच्या स्टॉलवर छापील बोर्ड होता, ‘पगार : कंपनी नियमानुसार’. मुलं वाचायची आणि पुढे सरकायची. त्यापलीकडच्या स्टॉलवाल्याने पुठ्ठ्यावर मार्करने पगाराचा आकडा, पाळीची वेळ आणि ‘घणसोली स्टेशनहून कंपनीची गाडी’ एवढंच लिहिलं होतं, तिथे रांग. दिव्याहून मुलासोबत आलेली एक आई तिथल्या माणसाला विचारत होती, दुसरी पाळी सुटल्यावर ठाण्याला गाडी बदलून हा घरी किती वाजता पोचेल. त्याने मोबाइलवर टाइमटेबल काढून दाखवलं. मुलाने बायोडेटा तिथेच ठेवला. तुमच्याकडे कळवा-मुंब्रा-दिव्याची पोरं यायची असतील तर ठाण्याहून नवी मुंबईत येणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलचं टाइमटेबल बघून पाळी लावा. 2024 पासून दिघा गावचं स्टेशन सुरू झालंय, तिकडच्या वस्तीतल्या मुलांना रबाळं आता सोपं पडतं.

मेळावा संपल्यावर केंद्रातून फोन येतो, ‘मॅडम, किती रुजू झाले?’ बहुतेक कंपन्या हा फोन टाळतात. टाळू नका. त्यांनाही वरती अहवाल द्यायचा असतो. खरा आकडा, शून्य असला तरी, सांगणाऱ्या कंपनीचं नाव त्यांच्या लक्षात राहतं, आणि पुढच्या वेळी चांगला उमेदवार समोर बसलेला असताना तेच तुम्हाला फोन करतात. केंद्राशी जमलेलं नातं हे असंच तयार होतं, अर्जांनी नाही. बेलापूरला कोकण भवनात या खात्याचं आयुक्तालय आहे म्हणून काही जण सरळ तिथे जातात; भरतीचं काम जिल्हा केंद्रातच होतं.

2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही कुणीतरी सुचवेलच. त्यात बारावी पासला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना राज्य सरकार देतं. मुदत आधी 6 महिने होती, नंतर 11 झाली. स्टोअर, ऑफिस, क्वालिटीच्या नोंदी अशा कामांना ठीक. सीएनसीसाठी नको. मुलगा मशीनला सरावेपर्यंत मुदत संपते, आणि फुकट मनुष्यबळ म्हणून घेतलं की ते मुलांना पहिल्या आठवड्यात कळतं.

सीएने सांगितलेली पीएफची योजना म्हणजे प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळातल्या नव्या भरतीसाठी आहे. कंपनीला वाढीव माणसामागे महिन्याला 3,000 रुपयांपर्यंत, 2 वर्षं. उत्पादन क्षेत्राला तिसऱ्या-चौथ्या वर्षीही. माणूस किमान 6 महिने टिकला पाहिजे. 50 पेक्षा कमी माणसं असतील तर किमान 2 वाढवावी लागतात, 50 किंवा जास्त असतील तर 5. आणि इथली मोजणी पीएफच्या यादीवरून होते. ठेकेदाराची माणसं त्याच्या पीएफ कोडवर असतील तर अ‍ॅप्रेंटिसच्या टेबलावर 48 असलेला तुमचा कारखाना पीएफच्या टेबलावर 22 चा होतो. दोन्ही बरोबर. फक्त कुठे कोणता आकडा लिहिला त्याची नोंद ठेवा, म्हणजे उद्या तपासणीला आलेल्या माणसासमोर घाम फुटणार नाही.

या योजना खाती एकमेकांना जोडून देत नाहीत, पण तुम्हाला एकामागे एक लावता येतात. टर्नर पास मुलगा आधी वर्षभर अ‍ॅप्रेंटिस म्हणून घ्या. त्या काळात त्याला पीएफ लागू नसतो. वर्षाने तो बरा निघाला की कायम करा. आधी कुठे पीएफ कापला गेला नसेल तर तो पीएफमध्ये पहिल्यांदाच येतो, म्हणजे याच पीएफ योजनेतून पहिल्या नोकरीचे 15,000 रुपयांपर्यंतचे हप्ते त्याला, आणि संख्या वाढवण्याची अट बसली तर तुमचा भाग तुम्हाला. अ‍ॅप्रेंटिस संपल्यावर कायम करायची सक्ती नाही, पण तुमचं भरतीचं धोरण काय ते लिहून ठेवा आणि पहिल्या दिवशी मुलाला सांगा. माणूस टिकत नाही अशी तुमची तक्रार आहे. वर्षाने काय होणार हे माहीत नसलेला मुलगा महाप्याला हजार रुपये जास्त मिळाले की जातो. त्यात त्याची चूक नाही.

सामूहिक प्रोत्साहन योजनेतून राज्याच्या सवलती घेतल्या असतील तर 80 टक्के माणसं स्थानिक असण्याची अटही लक्षात असू द्या, ती जिल्हा उद्योग केंद्र बघतं. रहिवासाचे दाखले भरतीच्या वेळीच फाइलला लावा.

राहिलं तळोजा. नवी मुंबई म्हणून आपण सगळं एकच समजतो, पण रबाळे ठाणे जिल्ह्यात आणि तळोजा पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडमध्ये. त्या युनिटच्या जागा अलिबागच्या केंद्राकडे जातात, समितीही तिकडची, आयटीआयही पनवेलकडची बघावी लागेल. पोर्टलवर नोंदणी करताना त्या पत्त्यासाठी जिल्हा रायगडच निवडा आणि मागणीचं पान वेगळं करा. रबाळ्याच्या पानावर तळोज्याच्या दोन जागा चढवल्या तर ठाण्याचं केंद्र घणसोली-कळव्याची मुलं पाठवेल, आणि ती तळोज्याचा पत्ता बघून मुलाखतीलाच येणार नाहीत.