मादाम द ला तूर द्यू पँ कोण होत्या? सामान्य लोकांकडे त्या कशा पाहत?

मादाम म्हणजे हेन्रिएट-ल्यूसी डिलन, फ्रेंच उमराव घराण्यातल्या; जन्म 1770, पॅरिस. आईनंतर त्याही राणी मारी आंत्वानेतच्या सेवेत होत्या. फ्रेंच राज्यक्रांतीत, 1794 मध्ये, वडील आणि सासरे दोघेही गिलोटिनवर (शिरच्छेदाच्या यंत्रावर) गेले, आणि ल्यूसी नवरा व मुलांसह बोर्दोहून जहाजाने अमेरिकेला निसटल्या.

मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीजवळच्या शेतीचा. दरबारात वाढलेली ही बाई तिथे लोणी काढून विकायची, आणि त्या लोण्यावर घराण्याच्या आद्याक्षरांचा छाप असायचा! कष्टांची लाज नाही, पण कुळाचा अभिमान कायम. त्यांची वृत्ती यातच दिसते.

आपल्या आठवणींच्या पुस्तकात आपल्या वर्गाबद्दल त्या परखड लिहितात: उमराव मौजमजेत दंग राहून विनाशाकडे चालले होते. तरीही क्रांती त्यांना कधीच पटली नाही. राजनिष्ठा सुटली नाही, मात्र पुढे नवऱ्याने नेपोलियनच्या हाताखाली प्रिफेक्टचं (प्रांताच्या सरकारी प्रमुखाचं) पद घेतलं.

एक गोष्ट झाकू नये. त्या शेतावर त्यांनी कृष्णवर्णीय गुलाम विकत घेतले होते. 1796 मध्ये फ्रान्सला परतताना त्यांना मुक्त केलं, आणि त्या प्रसंगाबद्दल त्या फार समाधानाने लिहितात. पण माणूस विकत घेणंच चूक होतं, हा विचार त्यांच्या लेखनात ठळकपणे येत नाही, आणि ते मला खटकतं.

आठवणी लिहायला त्यांनी 1820 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुरुवात केली. 1853 मध्ये इटलीतल्या पिसा इथे त्या वारल्या.