काहीतरीच काय बोलतेस, आई!

प्रश्न: माझी आई (वय ७८) सहा महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली आहे. बॅग उघडली तर मेतकूट आणि भाजणीच्या मधोमध नॅपकिनमध्ये गुंडाळलेली गंगेची लोटी निघाली. तीच ती, तांब्याची, सीलबंद. मी चिडलो, "हे कशाला आणलंस?" तर म्हणाली, "असावी हाताशी." तेव्हापासून रोज काही ना काही निघतं. कुठली साडी नेसवायची, पाटल्या कुणाच्या. मी विषय बदलतो. परवा माझ्या आठ वर्षांच्या मुलाने जेवताना विचारलं, "आजी इथे मरायला आलीये का?" सगळे गप्प. आईला या विषयावरून कसं थांबवू?

उत्तर: थांबवू नका.

तुमची चिडचिड मला कळते. आपण वास्तू तथास्तु म्हणते या धाकात वाढलेली माणसं. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. माणूस तर मरतच नाही. तो जातो, वारतो, त्याला देवाज्ञा होते. आणि याच घरांत, बाळकृष्णाच्या शेजारी, ती लोटी वर्षानुवर्षं बसलेली असते. कशासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सांगलीच्या देवघरात ती तुम्हाला कधी खुपली नाही. ती सामानातून निघाली तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

माझे वडील नऊ वर्षांपूर्वी पुण्यात गेले. त्याआधीच्या दिवाळीत फोनवर म्हणाले होते, "माझं काही बरंवाईट झालं तर एक सांगून ठेवतो..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. काहीतरीच काय बोलता, बाबा, आधी बीपीची गोळी घेतली का सांगा. पुढे ते अकरा दिवस आयसीयूमध्ये होते. व्हेंटिलेटर ठेवायचा की काढायचा, हे डॉक्टर भावाला विचारत होते, भाऊ मला, आणि मी इथे रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात फोन धरून उभी. भावाच्या खिशात कागदात बांधलेलं तुळशीचं पान होतं. आत न्यायची परवानगी मिळाली नाही. बाबांना त्या दिवाळीत काय सांगायचं होतं, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही.

म्हणून या रविवारी चहा घेऊन आईशेजारी बसा आणि तुम्हीच म्हणा, "त्या लोटीचं काय म्हणत होतीस?" ती घाबरणार नाही, घाबराल तुम्ही. माझा अनुभव असा की या वयाच्या बायकांना मरणाची भीती आपल्याला वाटते तेवढी नसते. भीती असते ती नळ्यांची, जवळ कुणी नसण्याची, लेकराला त्रास होण्याची. आणि परदेशात आणखी एक, जी त्या सहसा बोलून दाखवत नाहीत: इथे माझं नीट होईल ना?

त्याचं खरं उत्तर तिला द्या. सांगलीत सकाळी गेलेल्या माणसाला दुपारपर्यंत पोचवतात. इथे तसं होत नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत दहनाआधी चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास थांबावंच लागतं. कागदपत्रं आणि फ्युनरल होमची वेळ धरून तीन-चार दिवस सहज जातात, आणि तेवढे दिवस देह शीतगृहात राहतो. तिरडी नाही, मडकं नाही. पण फ्युनरल होमला सांगून ठेवलं तर घरच्या बायका साडी नेसवू शकतात, गुरुजी मंत्र म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी भट्टीचं बटण मुलाला दाबू देतात. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. तो काढावा लागतो, भट्टीत फुटतो. अस्थी नाशिकला रामकुंडात न्यायच्या असतील तर मृत्यूचा आणि दहनाचा दाखला जवळ हवा, आणि कलश लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या. तांबे धातूच्या कलशाच्या आतलं विमानतळाच्या एक्स-रेला दिसत नाही, मग अडवतात. देहच सांगलीला न्यावा अशी तिची इच्छा असेल तर तेही होतं, पण एम्बामिंग (देह टिकवण्यासाठी त्यावर केलेली रासायनिक प्रक्रिया), वकिलातीची परवानगी, रद्द केलेला पासपोर्ट असा पसारा आहे. दहाव्याचं विचाराल तर कावळे इथेही आहेत, पिंडाची सवय नाही एवढंच. दर्भाचा कावळा करतात.

हे ऐकून ती रडेल असं तुम्हाला वाटतंय. बहुधा विचारेल, "साडी काठाची चालेल का?"

मग कागद. इथे असेपर्यंत तिच्याकडून हेल्थ केअर प्रॉक्सी करून घ्या. तिला बोलता येत नसेल तेव्हा तिच्या वतीने कोण ठरवणार, एवढंच त्यात असतं. न्यू जर्सीत दोन प्रौढ साक्षीदार किंवा नोटरी पुरतो. ज्याला नेमता तो स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही. ती परत गेल्यावर भारतातलं वेगळं करावं लागेल. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारपणात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्र, मान्य केलं, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे कुणी फिरकत नव्हतं. जानेवारी २०२३मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस. मालमत्तेच्या मृत्युपत्राशी याचा संबंध नाही, हे सांगलीतल्या नातेवाइकांना आधीच समजावा. नाहीतर "लेकाने अमेरिकेत नेऊन सह्या घेतल्या" हे तुमच्या आधी तिथे पोचेल. एक प्रत तिच्या फॅमिली डॉक्टरकडे ठेवा आणि एक शेजारी, ज्यांच्याकडे किल्ली असते त्यांच्याकडे.

आता नातू. त्याने विचारलं ते तुमच्या घरातलं सगळ्यात सरळ वाक्य होतं. "आजी देवबाप्पाकडे झोपायला जाणार" वगैरे सांगू नका, मुलं मग झोपायलाच घाबरतात. म्हणा, "आजी तुला भेटायला आलीये. ती म्हातारी आहे, कधीतरी मरेल. आज नाही मरत आहे, आज थालीपीठ करणार आहे." बाकी आजीला सांगू दे. लोटी त्याच्या हातात देऊन ती काय सांगेल ते तुम्ही आणि मी मिळूनही सांगू शकणार नाही.

आणि हो, इथल्या हॉस्पिटलात नर्सकडे ओठ ओले करायची काडी असते, टोकाला स्पंज असलेली. वेळ आलीच तर त्यावर दोन थेंब लोटीतले चालतील का, असं विचारा. बऱ्याचदा हो म्हणतात. मी हे फार उशिरा शिकले.

तोवर नॅपकिन सोडून लोटी तुमच्या देवघरात ठेवा. परत जाताना ती सोबत न्यायची म्हणाली तर चेक-इनच्या बॅगेत घाला, हातातल्या नको. सुरक्षा तपासणीत ती फोडायला लावली तर आई तुम्हाला जन्मभर ऐकवेल.