हॅमचं (हौशी रेडिओचालकाचं) घर: अर्थिंग आणि खरखर

प्रश्न: तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर लांब वायरचा अँटेना आहे. रेडिओ सेटपासून खाली जमिनीतल्या रॉडपर्यंत १० मीटर जाड तांब्याची वायर सोडली, तरी ७ मेगाहर्ट्‌झवर बोलताना माइकचा ओठांना चटका बसतो.

चटका त्या वायरच्या लांबीमुळेच बसतो. ७.१ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर, तिचा पाव भाग साडेदहा. पाव तरंगलांबीची वायर खाली जमिनीला टेकवली, की वरच्या टोकाला रेडिओ लहरींना वाटच उरत नाही. म्हणजे त्या लहरींपुरता तुमचा सेट जमिनीपासून तुटलेलाच. वायर आणखी जाड करून काही होणार नाही. ट्यूनरच्या (सेट आणि अँटेना जुळवून देणाऱ्या उपकरणाच्या) अर्थ टर्मिनलला साधारण १० मीटरची दुसरी वायर जोडा आणि तिचं दुसरं टोक मोकळं सोडा. प्रक्षेपणाच्या वेळी त्या टोकाला मोठा व्होल्टेज असतो, तेव्हा ते नीट झाका आणि मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. माझं मत विचाराल तर गच्चीवर डायपोल (दोन सारख्या तारांचा अँटेना) बांधा आणि फीडपॉइंटला, म्हणजे केबल जोडतात तिथे, चोक (केबलच्या बाहेरून सेटकडे येणाऱ्या लहरी अडवणारी गुंडाळी) घाला. मूळ दुखणंच जाईल.

प्रश्न: खरखर कमी व्हावी म्हणून पॉवर सप्लायच्या प्लगची तिसरी पिन काढावी का?

नाही, कधीच नाही. आत बिघाड झाला तर २३० व्होल्ट थेट डब्यावर येतील, आणि तेव्हा माइक तुमच्या हातात असेल. बाहेर वेगळा रॉड ठोकला असेल, तर तोही इमारतीच्या अर्थिंगला जाड वायरने जोडून घ्या. गॅसच्या पाइपला मात्र काहीही जोडू नका.

प्रश्न: संध्याकाळ झाली की एस-९ (सेटच्या मीटरवर जोरदार सिग्नलची पातळी) इतकी खरखर. अर्थिंग सुधारू का?

आधी उगम शोधा. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरही बंद करायला विसरू नका, तो स्वतःच मोठा आवाजी असतो. खरखर गेली तर एकेक एमसीबी चालू करत जा. बहुतेक वेळा एखादा स्वस्त एलईडी दिवा, चार्जर किंवा राउटरचा अडॅप्टर सापडतो. तो बदला, नाहीतर त्याची वायर ३१ नंबरच्या फेराइट रिंगमधून (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून) आठ-दहा वेढे काढा. मेन बंद असूनही खरखर राहिली तर उगम बाहेर आहे. शेजाऱ्यांकडे तक्रार नेण्यापेक्षा एक चांगला दिवा घेऊन जा.

प्रश्न: वळवाच्या दिवसांत काय करावं?

आभाळ भरून यायच्या आत कोएक्स (अँटेनाची केबल) सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाला असेल तर केबलला हातही लावू नका.