आरशात हेडलाइट दिसत नाही

"मॅडम, बायको धडधाकट आहे, भाऊ आहेत, मुलगा-सून आहेत, घरातलं कोणीच गेलेलं नाही, मग मी रडतोय कशासाठी?"

माझ्याकडे समुपदेशनाच्या पहिल्या सेशनला आल्या आल्या, खुर्चीत नीट बसायच्या आतच हा प्रश्न. विचारणारे रिटायर्ड सुभेदार, वय ६१, सगळी नोकरी ईएमईत म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये गेलेली. अपॉइंटमेंट सुनेने घेतली होती. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात, नावं कुणाचीच देत नाही.)

सुनेला शंका कशावरून आली तर बाइकवरून. हा माणूस रोज सकाळी चहाच्या आधी बाइकवर फडकं मारणारा, आणि आता सात महिने बाइकवर कव्हर, आणि एक दिवस तिने बघितलं तर त्या कव्हरवर टॉवेल वाळत घातलेले आणि घालणारे हेच. मला म्हणाली, "मॅडम, पूर्वी कोणी त्या सीटवर पिशवी ठेवली तरी घर डोक्यावर घ्यायचे हो."

तर यांचा एक रायडिंग ग्रुप. सगळे माजी सैनिक, कोणी सिग्नलवाला, कोणी तोफखान्यातला, एक नेव्हीचा पण. सुरुवातीला १६ जण होते, पाच वर्षांत पाच गेले. बाइकवाले म्हटलं की लोकांना वाटतं अॅक्सिडेंट, पण रस्त्यावर एकही गेला नाही, हार्ट, कॅन्सर, किडनी, तुमच्याआमच्यासारखेच गेले सगळे. पहिले चार गेले तेव्हा सुभेदारसाहेब धावपळ करणाऱ्यांत होते, हॉस्पिटल, गाडी, पेन्शनचे कागद, सगळं. पाचवा गेला आणि हे बसलेच.

पाचवा म्हणजे ग्रुपचा स्वीप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मला पण तेव्हाच कळलं. ग्रुप राइडमध्ये सगळ्यात पुढे लीड असतो, तो वेग आणि रस्ता ठरवतो, आणि सगळ्यात मागे स्वीप, तो कोणी मागे राहिलं, कोणाची गाडी बंद पडली तर थांबतो, त्याला ओलांडून ग्रुपचा कोणीही मागे राहत नाही. आमचे सुभेदार लीड. म्हणजे हे दोघं रांगेच्या दोन टोकांना, राइडभर एकमेकांशी बोलणं शून्य. फक्त वळण आलं की हे डाव्या आरशात बघणार, सगळ्यात शेवटचा पिवळा हेडलाइट दिसला की सगळे आले. सात वर्षं असं.

"तो गेल्यावर एकदा निघालो होतो," ते म्हणाले, "चौदा किलोमीटर गेलो असेन. आरसा तीनदा सेट केला. मला वाटलं आरसा हललाय."

मग परत फिरले ते तेव्हापासून कव्हर.

आता आधी धंद्याचं बोलते. असं कोणी आलं की मी पहिल्यांदा गोष्टी ऐकत बसत नाही, आधी झोप, खाणं, दारू आणि जीव देण्याचे विचार हे सरळ विचारून घेते. हो, सरळच, "जगू नये असं वाटतं का" असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार येत नाही, उलट हायसं वाटतं माणसाला. झोप पहाटे तीनला मोडत होती. दोन पेगचे चार झाले होते. जीव द्यायचा विचार नव्हता, "बायको मारेल" म्हणाले आणि स्वतःच हसले. नातवाशी खेळत होते, जेवत होते. पण दारूचा विषय मी सोडला नाही, फिजिशियनकडे पाठवलं आणि पुढच्या प्रत्येक सेशनला आकडा विचारत राहिले, त्यांना ते आवडायचं नाही.

दुःख आजार कधी होतं याची मोजमापं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, तिच्यात किमान ६ महिने आणि डीएसएम म्हणजे अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या पुस्तकाची २०२२ ला जी सुधारित आवृत्ती आली त्यात मोठ्यांसाठी १२ महिने, आणि नुसते महिने नाही, ओढ आणि वेदना जवळजवळ रोज असावी लागते, रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं. यांचं सगळं अडलं नव्हतं, एकच गोष्ट अडली होती. पण मी त्यांना मुद्दाम एक दाखवलं, की या दोन्हींत गेलेला माणूस जवळचा असावा एवढंच म्हटलंय, नातेवाईकच पाहिजे असं कुठेही नाही. ते वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत. फौजी माणूस आहे, लेखी दिलेलं बरं वाटलं असावं.

मित्र गेल्यावर हा प्रश्न मला खूप जण विचारतात, "एवढं वाईट वाटणं बरोबर आहे का", जसं काही दुःखाचा पण कोटा असतो, बायकोला इतका, मुलाला इतका, मित्राला उरलासुरला. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये यावर लिहिलं, ज्या दुःखाला समाज हक्कच देत नाही असं दुःख. सुभेदारसाहेब स्वीपच्या अंत्यविधीला मागच्या रांगेत उभे होते. भेटायला येणारे वहिनींना म्हणजे स्वीपच्या बायकोला भेटले, मुलाला भेटले, साहजिक आहे. यांच्या खांद्यावर कोणी हात ठेवला नाही, उलट एकाने पार्किंग कुठे म्हणून विचारलं!

आणि माजी सैनिकांचं अजून एक असतं. फौजेत असताना गेला तर मानवंदना आहे, बिगुल आहे, भिंतीवर नाव आहे. दिल्लीच्या नॅशनल वॉर मेमोरियलवर, जे २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, हजारो नावं कोरलेली आहेत, पण ती कर्तव्यावर गेलेल्यांची. रिटायर होऊन घरी खाटेवर गेलेल्याचं नाव कुठे जाणार? अमेरिकेत हा प्रश्न आला होता. व्हिएतनाम मेमोरियलच्या काळ्या भिंतीवर ५८ हजारांहून जास्त नावं आहेत, पण युद्धातून परत येऊन त्याच युद्धाच्या परिणामांनी नंतर गेलेल्यांना तिथे जागा नव्हती, शेवटी २००४ मध्ये त्यांच्यासाठी जवळच एक वेगळी पाटी बसवली, पाटीवर नाव एकाचंही नाही. हे मी सांगितलं तर साहेब म्हणाले, "म्हणजे ग्रुपचे आम्ही अकरा जणच त्याची भिंत." मी लिहून घेतलं ते.

इथे माझी चूक सांगते. दुसऱ्या सेशनला मी त्यांना सांगितलं की स्वीपना एक पत्र लिहा, मनातलं सगळं. चांगला व्यायाम आहे, बऱ्याच जणांना उपयोग होतो. पुढच्या वेळी कोरा कागद घेऊन आले, घडी पण न मोडलेला. "मॅडम, आम्ही सात वर्षांत एकमेकांशी मिळून दोन तास बोललो नसू. हेल्मेट असतं. थांबलो की तो टायर बघायचा, मी चेन बघायचो. पत्र कसलं लिहू त्याला, चेन ढिली आहे?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. ज्या मैत्रीत शब्दच नव्हते तिचा निरोप मी शब्दांत मागत होते. आम्हा समुपदेशकांना ही सवय लागते, बोलणं म्हणजेच औषध. तसं आपल्याकडे सगळ्यांना त्या दुःखाच्या पाच पायऱ्या पाठ असतात, नकार, राग वगैरे, व्हॉट्सअॅपवर फिरतात, यांच्या ग्रुपवर पण कोणीतरी टाकल्या होत्या आणि हे स्वतःला विचारत बसले होते की मी कितव्या पायरीवर. कुबलर-रॉस बाईंनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी तो जिना बांधलेलाच नव्हता. पायरी शोधू नका म्हटलं.

मग काय करायचं? मी विचारलं, बाइक सुरू होईल का आता. बस, माणूस बदलला. बॅटरी बसली असणार, कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकट झालं असणार, जेट काढून साफ करावा लागेल, एकाच जागी उभी राहून टायर चपटा झाला असेल, दहा मिनिटं ऐकवलं मला. होमवर्क दिलं, चालवायची नाही, फक्त सुरू होईल इतकी करायची. दोन आठवडे लागले. सुनेचा मेसेज आला, घरभर पेट्रोलचा वास येतोय, थँक्यू मॅडम, पुढे रागावलेली इमोजी.

त्याच सुमारास ग्रुपने ठरवलं की स्वीपसाठी आठवणीची राइड काढायची. लढाऊ विमानांच्या सलामीत एक जागा मुद्दाम रिकामी सोडतात, मिसिंग मॅन फॉर्मेशन म्हणतात, बाइकवाल्यांनी ते तिथूनच उचललंय, जगभर करतात. माजी सैनिक आणि बाइक यांचं हे नातं जुनंच आहे, १९८८ मध्ये अमेरिकेत बेपत्ता सैनिकांचा हिशोब मागायला व्हिएतनाम युद्धातले माजी सैनिक हजारो बाइक घेऊन वॉशिंग्टनला गेले होते, आणि पुढे कितीतरी वर्षं जात राहिले. तर यांचा प्लॅन असा, दहा बाइक, एक जागा रिकामी, आणि राइड संपवायची स्वीपच्या घरासमोर, एकदम सगळे हॉर्न.

वहिनींनी नाही म्हणून सांगितलं. फोनवर, स्पष्ट.

ग्रुपमध्ये लगेच सुरू, की वहिनींना कधीच आवडलं नाही आपलं. सुभेदारसाहेब पण तणतणत आले माझ्याकडे. मी म्हटलं, भेटून या एकदा, बाइक न घेता. साधा माणूस म्हणून जा, लीड म्हणून नको. गेले, बायकोला घेऊन गेले हे फार शहाणपणाचं केलं, ती त्यांच्या बायकोची आयडिया.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तो आवाज ऐकला की मी भाजी गरम करायला घ्यायचे. राइड संपली, हे आले. आता दहा गाड्यांचा आवाज येणार आणि दारात कोणीच उतरणार नाही. मला नाही झेपणार ते."

कोणाच्या डोक्यात तरी आलं होतं का हे? माझ्या तरी नव्हतं आलं. एकाच माणसाची आठवण पण तुमचा मान तो त्यांचा घाव, आणि अशा वेळी मी नेहमी सांगते की घरच्यांचा शब्द वर, ग्रुपने कितीही प्रेमाने ठरवलेलं असो. त्या बदल्यात वहिनींनी एक मागितलं. नवऱ्याने फौजेतलं कधीच काही सांगितलं नव्हतं, राइडमध्ये काय करायचे तेही नाही, तर तुम्हाला जे माहीत असेल ते मला सांगा. साहेबांनी सांगितलं की मागे राहिलेल्या नवख्या पोराजवळ तो थांबायचा तेव्हा आधी स्वतःची गाडी खोटीखोटी तपासायचा, म्हणजे त्या पोराला वाटू नये की आपल्यामुळे थांबलेत. वहिनी म्हणाल्या घरी पण असंच, मी चढण चढताना दमले की हे चपलेचा पट्टा बघायचे.

राइड झाली, घरावरून न जाता. रिकाम्या जागेचा पण प्रश्न होता, वाहत्या रस्त्यावर गॅप ठेवली की दुसऱ्या गाड्या आत घुसतात, ते धोक्याचं. आणि राइडरने समोरच्यापासून किमान दोन सेकंदाचं अंतर ठेवायचं, डोळ्यात पाणी असलं तरी, हा नियम साहेबांनीच मला समजावला. म्हणून ठरलं की गॅप फक्त पहिले पाच किलोमीटर, सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना. पाच झाले की लीडने हात दाखवायचा आणि मागच्यांनी जागा भरायची. तो हात यांनी दाखवायचा होता. "साडेपाच किलोमीटर झाले मॅडम," म्हणाले, "हात उचलतच नव्हता. मग उचलला."

निघायच्या आधी अजून एक झालं होतं. या ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या जॅकेटच्या डाव्या खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड असतं, ब्लड ग्रुप, अॅलर्जी, इमर्जन्सीला कोणाला फोन करायचा. यांनी कार्ड मला दाखवलं तर त्यावर नंबर स्वीपचा. बायकोचा का नाही विचारलं तर म्हणे ती घाबरेल, तो आधी पोचेल आणि मग तिला नीट सांगेल. म्हणजे सात महिने हे एका गेलेल्या माणसाचा नंबर घेऊन बसले होते, की काही झालं तर याला कळवा. मी कार्ड बदला असं सांगितलं, भावनेसाठी नाही, सेफ्टीसाठी, आणि फोनमधला नंबर डिलीट करायची काहीच गरज नाही हेही सांगितलं. ते नंबराचं पण खूप जण विचारतात, मेलेल्या माणसाचा नंबर ठेवला तर वेड लागेल का. १९९६ पासून तर संशोधकच मांडतायत की गेलेल्याशी नातं तोडायलाच हवं असं काही नाही, ते वेगळ्या रूपात राहू शकतं. फक्त मदतीला धावायचं काम त्या नंबराकडे ठेवू नका.

नवं कार्ड बायकोच्या नंबरचं झालं. तिने विचारलं म्हणे, "इतकी वर्षं कोणाचा होता?" आणि हे खरं बोलले, तर दोन दिवस अबोला.

शेवटच्या सेशनला आले ते दारूचा आकडा मी विचारायच्या आधीच सांगून मोकळे झाले, दोन, आठवड्यातून. झोप अजून अधूनमधून मोडते. पण त्या दिवशी त्यांना त्यावर बोलायचंच नव्हतं, त्यांची तक्रार वेगळीच होती. ग्रुपने नवा स्वीप नेमलाय, नुकताच रिटायर झालेला नायक, चाळिशीतला.

"फार जवळून चालवतो मॅडम. आणि लाइट हायबीमवर. आरशात बघितलं की डोळे दिपतात. दोनदा सांगितलं, ऐकत नाही. आता रविवारी थांबवून त्याचा लाइट मीच खाली अॅडजस्ट करणार आहे, स्क्रू ड्रायव्हर घेऊन ठेवलाय."